पद्मिनीचा वाकलेला सांगाडा जिगवर सरळ करणे : आधी पुढचा भाग ओढावा की आधी सिल बदलावे?

उद्यमनगर_कोल्हापूर

नमस्कार.

माझ्याकडे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिचा सांगाडा सध्या पूर्ण उघडा केलेला आहे. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, पेट्रोलची टाकी, काचा आणि आतली बैठक उतरवलेली असून फक्त चार दारे, सस्पेन्शन आणि चाके जागेवर आहेत. गाडी आमच्याकडे येण्याआधी केव्हातरी तिला डाव्या पुढच्या कोपऱ्यावर मोठा मार बसला होता. त्या वेळी बाहेरचा पत्रा ठोकून त्यावर पुट्टीचा जाड थर चढवला गेला आणि आतला ढाचा वाकलेलाच राहिला, हे रंग खरवडल्यावर स्पष्ट दिसले. गाडी चालती असताना सरळ रस्त्यावर डावीकडे ओढत असे आणि व्हील अलाइनमेंट वारंवार करूनही तो दोष गेला नव्हता, त्याचे कारण आता कळते आहे.

मी घेतलेली मापे अशी आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर मुळात २३४० मिमी असायला हवे. ते उजवीकडे २३३८ आणि डावीकडे २३१९ भरते. पुढच्या काचेच्या चौकटीच्या दोन कर्णांत ७ मिमीचा फरक आहे. डाव्या पुढच्या दाराची वरची कड मधल्या खांबाला चक्क घासते. मला गोंधळात टाकणारी गोष्ट मात्र उजवीकडची आहे : तिथे मार बसल्याची कोणतीही खूण नाही, तरीही उजव्या पुढच्या दाराची मधल्या खांबाशी असलेली फट वर २ मिमी आणि खाली ९ मिमी आहे. दोन्ही बाजूंची सिल, म्हणजे दारांखालून लांबीला जाणारे पेटीसारखे भाग, खालून गंजून चाळणी झालेली आहेत.

शिवाजी उद्यमनगरातील एक फॅब्रिकेटर मला जिग, म्हणजे सांगाडा मापात धरून ठेवणारी लोखंडी चौकट, बनवून देण्यास तयार आहेत. सांगाडा त्या जिगवर पक्का बसवूनच पुढचे काम करायचे, यात मला शंका नाही; प्रश्न क्रमाचा आहे. एका अनुभवी कारागिराचे म्हणणे असे की आधी पुढचा भाग साखळीने ओढून जागेवर आणावा आणि मग सिल बदलावीत. दुसऱ्या तितक्याच अनुभवी माणसाचे मत असे की सिल कुजलेली असताना ओढणे म्हणजे गाडी फाडणे होय, तेव्हा आधी सिल बदलावीत. दोघांचेही म्हणणे मला पटते आणि त्यामुळेच हात पुढे जात नाही. जिग कशी असावी, माप कुठून धरावे आणि कोणते काम आधी करावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भोसरी_पत्राकाम

नमस्कार. तुम्ही उजव्या दाराचे माप दिले हे फार चांगले झाले, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फियाट ११००च्या कुळातल्या या गाडीत फरशीचा पत्रा, सिल, खांब, छप्पर आणि पुढचे-मागचे कप्पे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि ते सर्व मिळूनच चासीचे काम करतात. दोन चाकांच्या जोड्यांमधला सगळा भार मुख्यतः सिल आणि छप्पर मिळून पेलतात. सिल कुजले की गाडी मध्यभागी खाली बसू लागते. मध्य खाली गेला की पुढचा आणि मागचा भाग वरच्या बाजूने एकमेकांकडे कलतात, आणि म्हणून दारांच्या फटी वर मिटतात व खाली उघडतात. तुमच्या उजव्या दाराची २ आणि ९ ही मापे नेमके हेच सांगतात. हा अपघाताचा दोष नाही, गंजाचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना असणार. डाव्या बाजूला त्याच्यावर अपघाताचा दोष चढलेला आहे.

तेव्हा तुमच्या गाडीत दोन वेगवेगळ्या कारणांनी, बहुधा वेगवेगळ्या काळात आलेली दोन वाकणे आहेत. त्यांना एकच समजून डाव्या कोपऱ्याला साखळी लावलीत, तर २१ मिमीची तूट भरून निघेलही, पण मध्य बसलेलाच राहील आणि दारे कधीही नीट लागणार नाहीत.

पुढे जाण्याआधी मापे मात्र पुन्हा घ्यावी लागतील. चाकाच्या मध्यापासून घेतलेले माप सांगाड्याविषयी पुरावा म्हणून चालत नाही. पुढच्या सस्पेन्शनचा हात वाकलेला असेल, किंवा मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या कमानपट्ट्यांचा) मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकला असेल, तरीही चाकांमधले अंतर कमी भरते आणि सांगाडा निर्दोष असू शकतो. म्हणून सस्पेन्शन उतरवा आणि ते सांगाड्याला ज्या छिद्रांतून बोल्टने जोडले जाते त्या छिद्रांच्या मध्यापासून मापे घ्या. टेप पत्र्यावरून वळवून घेऊ नका. एका सरळ नळीवर दोन टोकदार काटे सरकतील अशी पट्टी करून घ्या, म्हणजे मधे काहीही आडवे आले तरी दोन बिंदूंमधले सरळ अंतर मिळते. कर्णांची मापे तर याच पट्टीने घ्यावीत. समजा, तुम्ही निवडलेले चार बिंदू २००० मिमी लांब आणि १००० मिमी रुंद आयतावर आहेत आणि पुढचा भाग मागच्याच्या तुलनेत १० मिमी बाजूला सरकला आहे. अशा वेळी दोन कर्णांत सुमारे ९ मिमीचा फरक पडतो. टेपला थोडा झोल पडला तरी एवढे माप हरवून जाते.

त्यानंतर उंची. गवंडी वापरतात तो पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि तीच चार छिद्रे एका पातळीत आहेत का ते पाहा. चारपैकी तीन बिंदू जुळून चौथा वर किंवा खाली निघाला तर सांगाड्याला पीळ बसला आहे असे समजावे. खाटेचा एक पाय अधांतरी राहावा तसा हा प्रकार असतो आणि साध्या नजरेला तो जवळजवळ कधीच दिसत नाही. पीळ राहून गेला तर बाकी सर्व मापे जुळूनही गाडी रस्त्यावर वाकडी धावते.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मधला कप्पा आधी. पुढचा भाग ओढताना ज्याला धरून ओढायचे तो हाच कप्पा आहे, आणि तोच बसलेला व कुजलेला असेल तर कशाच्या आधाराने ओढणार? उजव्या बाजूपासून सुरुवात करा. दारे बिजागरांवर ठेवून, मधल्या खांबाच्या पायथ्याशी जाड लाकडी फळी व जॅक लावून एकेक मिलिमीटर उचलत जा आणि फट वर-खाली सारखी होईल तिथे थांबा. पुढच्या व मधल्या खांबांमध्ये आतल्या बाजूने टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा आट्यांचा जोड) असलेल्या आडव्या व तिरप्या नळ्या वेल्ड करून ते मोजमाप बांधून टाका. नळ्या आतून घेतल्या की दार काढल्याशिवाय लावता-उघडता येते आणि प्रत्येक टप्प्यावर तपासता येते. त्यानंतरच सिल कापायचे. दोन्ही सिल एकाच वेळी कधीही कापू नयेत.

मिडलँड्स_मराठी

मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाच्या कामात आहे, म्हणून जिगबद्दल लिहितो; क्रमाबद्दल भोसरीकरांनी मांडलेला विचार मला योग्य वाटतो.

इथे एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा फार कुजला असेल तर मालकापुढे एक सोपा मार्ग असतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून एमजीबीचे नवे सांगाडे मूळ साच्यांवर तयार करून विकते आहे. पद्मिनीला तशी सोय नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेले सांगाडे जेवढे शिल्लक आहेत तेवढेच आहेत, आणि म्हणून ते वाचवण्याचे काम आपल्याकडे अधिक काळजीने व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

जिग म्हणजे ओढण्याचे यंत्र, असा एक गैरसमज आढळतो. जिगचे पहिले काम ओढणे हे नसून मूळ मापे धरून ठेवणे हे आहे. फ्रान्सच्या सेलेत कंपनीची जी पद्धत जगभर पसरली तिचे सार एवढेच आहे, की एका सपाट बाकावर त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेले उभे आधार बोल्टने बसवतात, आणि सांगाड्याचे सस्पेन्शनचे छिद्र त्या आधारावर आपोआप येऊन बसले की तो बिंदू बरोबर, न बसले की चूक. तिथे वादाला जागा उरत नाही. तुम्हाला हेच हाताने उभारायचे आहे.

चौकटीसाठी १५० मिमी उंचीचे सी-चॅनल वापरा. चार मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट पुरेशी होते. कोपऱ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४००० आणि १००० मिमी धरल्यास दोन्ही कर्ण ४१२३ मिमी यायला हवेत. आधी सर्व जोड नुसते टाके घालून पकडावेत, कर्ण तपासावेत, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडेथोडे वेल्ड करावे. तरीही वेल्ड थंड होताना चौकट ओढली जाणारच, म्हणून प्रत्येक पायाला जाड आट्यांचा बोल्ट द्या आणि चौकट पूर्ण थंड झाल्यावर त्या बोल्टांनी ती पातळीत आणा. चारही कोपरे आणि दोन्ही लांब बाजूंचे मध्य १ मिमीच्या आत एका पातळीत आले पाहिजेत. कोल्हापुरात यंत्रावर घासून सपाट केलेली लोखंडी पट्टी सहज मिळेल. उभ्या आधारांच्या बैठकीखाली ती वापरली तर उत्तम. चौकटीच्या मध्यावर लांबीला एक रेषा कोरून घ्या. यापुढे रुंदीचे प्रत्येक माप त्या रेषेपासून, उंचीचे प्रत्येक माप चौकटीच्या वरच्या पृष्ठभागापासून आणि लांबीचे प्रत्येक माप एकाच निवडलेल्या आडव्या रेषेपासून घ्यायचे. मापाचा उगम कामाच्या मधे बदलला की गोंधळ अटळ असतो.

आता ही मूळ मापे आणायची कुठून? त्यासाठी अपघात न झालेली, सिल शाबूत असलेली दुसरी पद्मिनी शोधा. आपल्याकडे १९६४मध्ये ११०० डिलाइट आली, १९७४मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक उत्पादन चालले, पण खालचा ढाचा मुळात तोच राहिला. त्यामुळे वर्ष तंतोतंत जुळलेच पाहिजे असे नाही. कोणताही मालक आपली चांगली गाडी उघडू देणार नाही आणि ती उघडण्याची गरजही नाही. गाडी सपाट सिमेंटच्या फरशीवर उभी करून खालून दिसणारी, दोन्ही बाजूंना सारखी असलेली छिद्रे आणि बोल्ट निवडा, प्रत्येकापासून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकेल तिथे जमिनीवर बारीक फुली मारा. गाडी हलवली की जमिनीवर संपूर्ण ढाच्याचा आराखडा उरतो. फुल्यांचे कर्ण मोजा, मध्यरेषा काढा, आणि प्रत्येक बिंदूची उंची वेगळी नोंदवा. त्या गाडीचे डावे-उजवे आकडे आपसांत जुळले नाहीत तर ती गाडीही नमुना म्हणून निरुपयोगी आहे, हे ध्यानात ठेवा.

आधार कुठे द्यायचे, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सांगाडा सस्पेन्शनच्या बिंदूंवरच टेकला पाहिजे, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची छिद्रे आणि मागच्या पाट्यांची पुढची व मागची टोके. रस्त्यावर गाडीचे वजन तिथूनच पेलले जाते. सिलखाली किंवा फरशीखाली ठोकळे लावून मापे घेतली तर सांगाडा वेगळ्या प्रकारे वाकतो आणि ती मापे गाडी चाकांवर उभी राहिल्यावर खोटी ठरतात. भोसरीकरांनी सांगितलेला मधला जॅक हा उचलण्यासाठी आहे, टेकवण्यासाठी नाही, हा फरक सांभाळावा.

गाडी आडवी फिरवण्याचा गोल सांगाडा, ज्याला इथे रोटिसरी म्हणतात, तो अनेकांना जिगच वाटतो. तो गंज काढण्यासाठी आणि खालून रंग मारण्यासाठी उपयोगी आहे, परंतु त्यात गाडी फक्त दोन टोकांना धरलेली असते. सिल कुजलेला सांगाडा त्यावर चढवणे म्हणजे आहे ते वाकण वाढवणे. तो टप्पा सर्व वेल्डिंग संपल्यानंतरचा.

जुना_डेंटर_मुंबई

मी मुंबईत आयुष्यभर टॅक्सीच्या गाड्यांचे पत्राकाम केले आहे आणि त्यात पद्मिनीच अधिक होत्या. वरील दोन्ही उत्तरे वाचली. त्यांतले बहुतेक सर्व मान्य आहे. एका ठिकाणी मात्र मला थांबून बोलावेसे वाटते.

काचेच्या चौकटीच्या कर्णांत ७ मिमीचा फरक आहे, या मापाकडे कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही. नुसता पुढचा कोपरा दबला असता तर काचेची चौकट हलली नसती. ती हलली आहे याचा अर्थ धक्का फायरवॉल (इंजिन आणि बैठकीचा कप्पा यांमधली पत्र्याची भिंत) ओलांडून डाव्या पुढच्या खांबापर्यंत पोहोचला आहे, आणि त्या खांबाचा पायथा डाव्या सिलवरच उभा असतो. अशा स्थितीत डावे सिल आधी नवे घालून वेल्ड केले, तर मागे सरकलेला खांब त्याच चुकीच्या जागी कायमचा बांधला जाईल. नंतर कितीही ओढले तरी तो पुढे येणार नाही, आणि आला तर नवे वेल्ड सोडवून येईल. म्हणून डाव्या सिलचा क्रम ओढण्याच्या आधी नसावा, नंतरच असावा.

उजव्या बाजूला मार नाही. तिथे भोसरीकरांनी सांगितले तसे मध्य उचलून, बांधून, उजवे सिल आधी पूर्ण करून घ्यावे. त्याने मधला कप्पा अर्धा का होईना, भक्कम होतो. डावीकडे कुजलेले सिल तसेच ठेवून, त्याच्या आतल्या बाजूला फरशीच्या आडव्या मजबुतीपासून मागच्या पाट्याच्या पुढच्या टोकापर्यंत एक तात्पुरते चॅनल बोल्टने बसवावे. ओढण्याचा सगळा ताण त्या चॅनलने आणि उजव्या नव्या सिलने घ्यावा, कुजलेल्या पत्र्याने नव्हे. पुढच्या खांबाचा पायथा मात्र त्या चॅनलला अजिबात जोडू नये, कारण त्यालाच तर पुढे यायचे आहे. ओढून झाले, मापे जुळली, डावे दार बसले, की मग डावे सिल कापावे.

ओढण्याबद्दल दोन शब्द. धक्का ज्या दिशेने आत गेला त्याच्या नेमक्या उलट दिशेने ओढावे, आणि जे शेवटी वाकले ते आधी सोडवावे. टोक आधी आदळले व खांब शेवटी सरकला, हे धरून चालले तर ताण खांबाजवळ आणि टोकाला एकाच वेळी लागला पाहिजे. नुसते टोक ओढले तर टोकच लांबते आणि खांब जागचा हलत नाही. दोन साखळ्या, दोन ठिकाणी, आणि रॅम (साखळीला ताण देणारा हायड्रॉलिक जॅक) सावकाश. थोडे ओढायचे, थांबायचे, ताण कायम ठेवून घडी पडलेल्या जागेभोवती लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोकायचे, म्हणजे पत्र्यात अडकलेला ताण मोकळा होतो. मग रॅम सोडायचा आणि माप घ्यायचे. पत्रा नेहमी थोडा मागे जातो, म्हणून मापापेक्षा किंचित पुढे ओढावे लागते. किती ते प्रत्येक गाडी सांगते, पुस्तकात मिळत नाही. ताणाखाली घेतलेले माप खरे मानू नये.

गॅसने तापवून ओढण्याची आपल्याकडे फार सवय आहे. या गाडीचा पत्रा साधा, कमी कार्बनचा आहे, त्यामुळे तापवल्याने तो लगेच बिघडत नाही हे खरे, परंतु तापलेली जागा मऊ होऊन तीच एकटी ताणली जाते आणि थंड होताना पुन्हा आकसते. अगदीच न सुटणारी दुमडलेली घडी असेल तर सावलीत जेमतेम लाल दिसेल एवढेच तापवावे, ठोकावे, आणि आपोआप थंड होऊ द्यावे. पाणी मारू नये.

साखळीविषयी हयगय करू नका, ही कळकळीची विनंती आहे. बाजारात दहा टनांचा रॅम सहज मिळतो आणि लोक त्याला हाताशी असलेली कोणतीही साखळी लावतात. ग्रेड ८०ची ८ मिमी साखळी कामाला २ टनांपर्यंत, १० मिमीची ३.१५ टनांपर्यंत आणि १३ मिमीचीसुद्धा ५.३ टनांपर्यंतच मान्य आहे. म्हणजे दहा टनांचा रॅम तुमची साखळी तोडू शकतो, हे गृहीत धरूनच उभे राहावे. ओढण्याच्या रेषेत कोणीही थांबू नये, साखळीच्या टोकाला पत्रा पकडणाऱ्या क्लॅम्पला वेगळी तारेची दोरी बांधून ठेवावी आणि साखळीवर जाड गोधडी किंवा जुने पोते टाकावे. क्लॅम्प सुटून माणसे जायबंदी झालेली मी पाहिली आहेत.

भोसरी_पत्राकाम

काचेच्या चौकटीबद्दलचा मुंबईकर काकांचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याने माझा क्रम बदलतो. उजवे सिल, मग ओढणे, मग डावे सिल, हाच क्रम या गाडीला योग्य आहे. मध्य उचलण्याचे काम मात्र दोन्ही बाजूंना एकदमच करावे लागेल, नाहीतर उजवी बाजू वर आणि डावी खाली राहून नवाच पीळ तयार होईल. डाव्या दाराच्या फटीवर भरवसा ठेवू नका. डावीकडे मधल्या खांबाचा पायथा जिगच्या पृष्ठभागापासून उजवीकडच्याइतकाच उंच येईपर्यंत उचला आणि तिथेच थांबा.

उद्यमनगर_कोल्हापूर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. इतके सविस्तर आणि मुद्देसूद मार्गदर्शन मिळेल असे वाटले नव्हते. सस्पेन्शन उतरवून छिद्रांपासून मापे घेतली. डावीकडची तूट २१ऐवजी १६ मिमी निघाली, उरलेली ५ मिमी खालच्या वाकलेल्या हाताची होती. लेव्हल पाइपने पाहिले तर पुढचा डावा बिंदू बाकी तिघांच्या पातळीपेक्षा ६ मिमी वर आहे. इचलकरंजीजवळ एका परिचितांची विनाअपघाताची पद्मिनी मिळाली असून ओळंब्याने तिचा आराखडा काढून घेतला. तिच्या डाव्या-उजव्या मापांत २ मिमीपेक्षा जास्त फरक कुठेही नाही.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मापे किती जवळ आली म्हणजे थांबावे? पुन्हा असे वाकू नये म्हणून सिलच्या आत जाड नळी घालून मजबुती वाढवावी का? आणि गाडीला पन्नास वर्षे झाल्याने तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार आहे, त्यात या कामाने काही अडचण येईल का?

मिडलँड्स_मराठी

नोंदणीचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही लागू पडते. केंद्र सरकारने २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करून मोठी उलथापालथ केलेली नसावी अशी अट त्यात आहे. मूळ आकाराचे, मूळ जाडीचे सिल मूळ जागी बसवणे ही दुरुस्ती आहे. आत नळी घालणे हा बदल आहे, आणि तो तपासणीत तुमच्या विरोधात जाऊ शकतो. चासी क्रमांक ठोकलेला पत्रा कोणत्याही कारणाने कापू किंवा घासू नका. प्रत्येक टप्प्याची, टेप मापावर ठेवलेली छायाचित्रे काढून ठेवा.

नळी न घालण्याला तांत्रिक कारणही आहे. पातळ पत्र्याच्या पेटीत जाड नळी घातली की ताण नळी संपते तिथे एकवटतो आणि पत्रा नेमका तिथे फाटतो. शिवाय बंद पेटीत नळीभोवती ओलावा अडकून गंज आतून सुरू होतो. सिल मुळात कुजली ती कमी मजबूत होती म्हणून नव्हे, तर खालची पाणी जाण्याची छिद्रे चिखलाने व पुट्टीने बुजली होती म्हणून. ती छिद्रे मोकळी ठेवा आणि काम संपल्यावर पेटीच्या आत मेण फवारा. गाडीचे आयुष्य त्याने खरोखर वाढते.

जुना_डेंटर_मुंबई

पुढचा डावा बिंदू ६ मिमी वर आहे, या नव्या मापाने ओढण्याची दिशा ठरते. साखळी सरळ पुढे न नेता पुढे आणि थोडी खाली न्यावी लागेल. जिगच्या पुढच्या आडव्या चॅनलला खाली एक मजबूत कडी वेल्ड करून घ्या, म्हणजे साखळी त्या कडीतून वळवून हा कोन सहज मिळेल. उजवा पुढचा बिंदू जिगच्या आधाराला बोल्टने घट्ट बांधलेला असू द्या, नाहीतर डावा ओढताना उजवाही सोबत येईल.

मापांबाबत माझा नियम असा : सस्पेन्शनच्या छिद्रांत ३ मिमीच्या आत, काचेच्या चौकटीत २ मिमीच्या आत. काच रबरात बसते म्हणून थोडे चालून जाते असे अनेक जण म्हणतात, परंतु चौकट वाकडी असेल तर काच बसवताना नाही तरी पुढे खड्ड्यात तडकते. जुनी मूळ काच सांभाळून ठेवली असेल तर चौकट जुळल्यावर तीच रबराशिवाय आत धरून पाहा; चारही बाजूंना सारखी जागा राहिली पाहिजे. काच आणि दार हे कारखान्यातून आलेले तुमचे सर्वांत खात्रीचे साचे आहेत.

भोसरी_पत्राकाम

वेल्डिंगबद्दल लिहायचे राहिले होते. नवे सिल बसवताना सीओटू वेल्डिंगने सलग ओळ ओढत जाऊ नका. मूळ स्पॉट वेल्ड जिथे होते तिथे वरच्या पत्र्याला छिद्रे पाडून ती भरावीत, आणि एक टाका पुढे घातला की पुढचा दुसऱ्या टोकाला, अशा रीतीने उष्णता विखुरत जावी. दोन पत्र्यांच्या मधे येणाऱ्या कडांवर वेल्डिंग चालू शकणारा जस्ताचा प्रायमर आधी लावून घ्या, कारण ती जागा नंतर कधीच दिसत नाही. प्रत्येक काही टाक्यांनंतर दार लावून पाहा. फट बदलू लागली तर तिथेच थांबा आणि पत्रा थंड होऊ द्या. थंड झाल्यावर ती जागेवर आली नाही, तर तेवढे टाके घासून काढून पुन्हा घाला, कारण पुढचे टाके त्याच चुकीवर बसत जातात.

डावे सिलही पूर्ण झाले, की आतल्या टर्नबकलच्या नळ्या लगेच कापू नयेत. आधी टर्नबकल एकेक करून सैल करावेत आणि दारांच्या फटी पाहाव्यात. फट हलली नाही तरच नळ्या काढाव्यात. त्यानंतर सांगाडा जिगच्या आधारांवरून सर्व बोल्ट सोडून मोकळा करावा, एक रात्र तसाच टेकवून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट हाताने, पान्याशिवाय पुन्हा घालून पाहावेत. सगळेच्या सगळे बोल्ट बोटांनी आत गेले तर सांगाडा सरळ झाला आहे आणि सस्पेन्शन चढवण्यास हरकत नाही. एकही बोल्ट अडला, तर कोणत्या बाजूने अडतो ते नोंदवून इथे कळवा, रंगाकडे वळू नका.

उद्यमनगर_कोल्हापूर

क्रम आता पूर्ण स्पष्ट झाला. चौकटीचे चॅनल आणायला सांगितले आहेत. कडी, आट्यांचे पाय आणि १३ मिमी साखळी यांची नोंद फॅब्रिकेटरकडे दिली आहे. रॅम मी दहा टनांऐवजी चार टनांचाच घेत आहे. उजव्या सिलचे काम झाले की ओढण्यापूर्वीची सर्व मापे इथे देईन, ती पाहून साखळीचे दोन्ही बिंदू कुठे घ्यावेत ते काकांनी सांगावे.

जुना_डेंटर_मुंबई

अवश्य सांगतो. मापांसोबत डाव्या पुढच्या खांबाच्या पायथ्याचा, फरशीचा गालिचा व डांबराचा थर पूर्ण काढून घेतलेला फोटो द्या. तिथे पत्र्याला सुरकुती कोणत्या दिशेने पडली आहे, त्यावरच दुसऱ्या साखळीची जागा ठरेल.